शेवटपर्यंत ऐका

आजचं बोलणं दृष्टिहीन मित्रमैत्रिणींसाठी आहे, पण घरातल्या डोळसांनीही ऐकावं. सांगायचं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: फोन जे वाचून दाखवतो, ते शेवटपर्यंत ऐका.

आपली ऐकण्याची घाई मला ठाऊक आहे. डोळस माणसाला नुसती कलकल वाटावी इतक्या वेगानं आपण टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणारा आवाज, लावतो आणि पहिले दोन शब्द कानावर पडले की बोट पुढं सरकतं. फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं. व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. फोन म्हणतो ‘लग्नपत्रिका’, आणि आपण उघडून मोकळे. क्षणभर थांबलं तर पुढचं ऐकू येतं: ‘डॉट ए पी के’. पत्रिका म्हणजे फोटो, नाहीतर पीडीएफ. एपीके हे ॲप असतं. वाहनाच्या दंडाच्या चलानाच्या नावानं, पीएम किसान योजनेच्या नावानंही असंच येतं.

हे ॲप फोनमध्ये बसलं की बऱ्याचदा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. डोळस माणूस इथं बिचकतो. आपण बिचकत नाही, कारण टॉकबॅकसाठी ती परवानगी आपण केव्हाच दिलेली असते, तो शब्द आपल्या ओळखीचा असतो. पण ती मिळाली की चोराचं ॲपही पडदा वाचतं आणि आपल्या नावानं बटणं दाबतं. म्हणून म्हणतो, कोणतं ॲप काय मागतंय ते पुरतं ऐका.

घोडेगावच्या बाजारात कांद्याची गोणी येते. तोंडाशी एक नंबरचा माल, कोरडा, गोल. मुरलेला व्यापारी तेवढ्यावर भाव बोलत नाही. तो गोणी ओतायला लावतो, तळाची गोल्टी, जोडकांदा, सडका माल हाताला लागतो, मग बोली. लिंकचंही तसंच आहे. तोंडाशी बँकेचं नाव असेल, तर ते वरचे कांदे समजा. सुरुवातीचे जोड स्लॅश सोडून द्या आणि पुढच्या पहिल्या स्लॅशच्या लगेच आधी काय आहे ते ऐका. तो गोणीचा तळ. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं, तेही नेमकं तिथंच ऐकू यायला हवं. तीन बोटं सरकवून ‘अक्षरे’ निवडा आणि एकेक अक्षर ऐका. वेळ लागतो, लागू द्या.

अंदाजानं बटण दाबायची सवय मात्र आपल्याला ॲप बनवणाऱ्यांनीच लावली. बटणाला नावच न दिल्यानं ‘अनलेबल्ड बटण’, ‘अनलेबल्ड बटण’ असंच ऐकू येत असेल, तर माणसानं करायचं काय? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीसाठी डोळे मिचकावण्याखेरीज दुसराही मार्ग द्या, असंही बजावलं. अमर जैन स्वतः दृष्टिहीन वकील आहेत. आपल्या बँकेच्या शाखेत जा, या निकालाचं नाव घ्या आणि तक्रार लेखी द्या. तोंडी सांगितलेलं तिथंच राहतं.

वेळ थोडा उरलाय. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांनो, आधी रागावत बसू नका. चोरानं रक्कम पुढच्या खात्यात वळवण्याआधी ती अडवता येऊ शकते, तो वेळ तुमच्या बोलण्यात जातो. आणि ओटीपी! माळीवाडा एसटी स्टँडच्या गर्दीत फोन तो सगळ्यांना ऐकवतो, तेव्हा एका कानात इअरफोन ठेवा. पडदाही काळा करता येतो. तीन बोटांनी टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू उघडतो, त्यात ‘स्क्रीन लपवा’ शोधा, आणि शोधताना मेनू शेवटपर्यंत ऐका.