जंगलाच्या वैद्यांची सभा



मराठीत ‘फॉरेस्टर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर खाकी गणवेशातील वनपाल उभा राहतो. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल ही सारी सरकारी पदांची नावे आहेत. जंगल सरकारचे आणि जंगल जाणणारा माणूस सरकारचा नोकर, हे आपल्या भाषेनेच गृहीत धरून टाकले आहे. वैद्य म्हणजे केवळ सरकारी दवाखान्यातील वैद्य, वकील म्हणजे केवळ सरकारी वकील, असे आपण कधी मानले नाही. मग जंगलाच्या बाबतीतच असे का व्हावे? हा प्रश्न मनात ठेवून आज एका दूरच्या प्रदेशाकडे पाहावयाचे आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड ही सहा राज्ये आहेत. त्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील वनविदांची व्यावसायिक संघटना गेली शंभर वर्षे दर हिवाळ्याच्या अखेरीस आपली वार्षिक सभा भरवीत आली आहे. सभा म्हटली की आपल्याकडे अहवालवाचन, आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार आठवतो. तेही तेथे असतेच. पण त्या सभेच्या पोटात दडलेली गोष्ट त्याहून मोठी आहे.

या गोष्टीचे एक मूळ हिंदुस्थानात आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. डीट्रिच ब्रँडिस हे जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये ते ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांवर नेमले गेले. हत्तीवर बसून रानातून जाता जाता सागाच्या झाडांची आकारमानाप्रमाणे मोजदाद करणारा हा माणूस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८८३ मध्ये ते निवृत्त होऊन बॉनला परतले. पुढे १८८९ मध्ये येल विद्यापीठातून नुकताच पदवीधर झालेला गिफर्ड पिंचो नावाचा श्रीमंत घरचा तरुण युरोपात वनशास्त्र शिकावयास आला, तेव्हा त्याला मार्ग दाखविला तो या ब्रँडिस यांनी. कोठे शिकावे, कोणत्या वनाधिकाऱ्याच्या हाताखाली राहावे, काय पाहावे, हे सारे त्यांनीच सांगितले. अमेरिकेत त्या वेळी वनशास्त्र शिकविणारी एकही शाळा नव्हती. ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानच्या रानांत कमावलेला अनुभव अशा रीतीने बॉनमार्गे अमेरिकेस पोचला.

पिंचो यांनी ३० नोव्हेंबर १९०० रोजी सहा सहकाऱ्यांसह अमेरिकन वनविदांची संस्था स्थापन केली. तिच्या आरंभीच्या बैठका वॉशिंग्टनमधील पिंचो यांच्या घरी होत. तेथे खाण्यास भाजलेली सफरचंदे, आल्याचा केक आणि दूध असे. त्यामुळे या मंडळींना ‘भाजल्या सफरचंदांचे मंडळ’ असे गमतीचे नाव पडले. मार्च १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः या बैठकीस आले आणि जंगल राखावयाचे ते तेथे वसणाऱ्या कुटुंबांचे संसार समृद्ध व्हावेत म्हणून, असे त्यांनी या तरुणांना बजावले. राष्ट्रप्रमुख घरगुती बैठकीत येऊन बसतो, दूध-सफरचंद खातो आणि धोरण बोलून जातो, हा साधेपणा आज अमेरिकेतही दुर्मीळ झाला असेल!

आता न्यू इंग्लंडकडे वळू. तेथील रानात हिंडताना मध्येच दगडी गडगे लागतात. माणसाची वस्ती नाही, शेत नाही, आणि दाट झाडीतून एखादा गडगा सरळ निघून जातो. याचे कारण ते रान दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी रान नव्हतेच. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण न्यू इंग्लंडमधील बहुतेक जंगल तोडून शेते आणि कुरणे केली होती. पुढे ओहायो आणि त्यापलीकडची सुपीक जमीन खुली झाली, रेल्वे आली, शहरांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि खडकाळ शेते सोडून माणसे निघून गेली. सोडलेल्या शेतांत पांढरा पाइन उगवला, त्याच्या तोडीनंतर ओक आणि मेपल वाढले. आज न्यू इंग्लंडचा सुमारे ८० टक्के भूभाग वनाच्छादित आहे. ही झाडे सरकारने लावलेली नाहीत; ती परत आली.

महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. हे परत आलेले जंगल बहुतांशी खासगी मालकीचे आहे. उत्तर मेनमध्ये मोठमोठ्या कंपन्यांची आणि गुंतवणूकदारांची वने आहेत. दक्षिणेकडे मात्र दहा एकर, चाळीस एकर, शंभर एकर अशा तुकड्यांचे मालक म्हणजे साधी कुटुंबे आहेत. आजोबांनी घेतलेली जमीन, नातवंडे बोस्टनला किंवा न्यूयॉर्कला. एके दिवशी लाकडाचा व्यापारी दारात येतो, उभ्या झाडांची उक्ती किंमत सांगतो आणि घरात आजारपण असेल किंवा मुलांच्या शिक्षणाचा खर्च उभा असेल, तर सौदा होतो. व्यापारी साहजिकच सरळ, निरोगी, मोठी झाडे नेतो आणि वाकडी, पोकळ, रोगट मागे ठेवतो. पुढची पिढी त्या रोगट झाडांच्या बीजातून उगवते. शेतकऱ्याने बियाण्याचे धान्य विकून पोचट दाणे पेरावेत, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की शेतातील चूक पुढच्या हंगामात कळते आणि जंगलातील चूक कळण्यास साठ-सत्तर वर्षे लागतात. तोवर चूक करणारा हयात नसतो.

या दोघांच्या मध्ये, म्हणजे मालक आणि व्यापारी यांच्या मध्ये, वनविद उभा राहतो. तो मालकाकडून शुल्क घेतो, रान फिरून पाहतो, कोणते झाड जाणार आणि कोणते राहणार हे रंगाच्या खुणेने ठरवितो, लिलाव मांडतो आणि तोड चालू असताना देखरेख ठेवतो. मेन, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांत त्याला त्यासाठी सरकारी परवाना लागतो. त्याशिवाय राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र ज्याला टिकवावयाचे असेल, त्याला दर तीन वर्षांत ६० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. वार्षिक सभेला गर्दी होण्याचे एक अगदी व्यावहारिक कारण हेच आहे. व्याख्याने ऐकली की तासांची नोंद होते. दुसरे कारण ऋतूचे. बर्फाने कडक झालेल्या जमिनीवरून ओंडके ओढण्याचे दिवस मार्चमध्ये संपत येतात, जमीन विरघळून चिखल होतो, रानात यंत्रे नेता येत नाहीत. हात मोकळे झालेले असतात.

सभेत विद्यापीठातील संशोधक, सरकारी खात्यांतील अधिकारी, कंपन्यांचे नोकर आणि स्वतंत्र सल्लागार एका सभागृहात बसतात. विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा होते, ज्येष्ठांचा सत्कार होतो. एरवी ज्यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, अशी ही माणसे येथे एकमेकांच्या कामाची समव्यावसायिक म्हणून चिकित्सा करतात. एकांड्या सल्लागाराला आपली चूक दाखविणारा वर्षभरात दुसरा कोणी भेटत नाही. मालकाला वनशास्त्र कळत नाही आणि व्यापाऱ्याला ते कळून घ्यावयाचे नसते.

या व्यवसायाची खरी परीक्षा २१ सप्टेंबर १९३८ रोजी झाली. त्या दिवशी आलेल्या चक्रीवादळाने काही तासांत सुमारे २६० कोटी बोर्डफूट इमारती लाकूड आडवे केले. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट, यावरून कल्पना करावी. सोडलेल्या शेतांत उगवलेला पांढरा पाइन सर्वाधिक पडला. हार्वर्ड विद्यापीठाचे पीटरशॅम येथील प्रायोगिक वन, जेथे १९०७ पासून अभ्यास चालू होता, तेही बहुतांशी भुईसपाट झाले. पडलेल्या लाकडाला कीड लागणार, ते कुजणार, वाळले की वणवे पेटणार आणि सारे एकदम बाजारात आले तर भाव कोसळून लहान मालक बुडणार, असे चौफेर संकट होते. केंद्र सरकारने विशेष यंत्रणा उभी करून मालकांकडून ओंडके विकत घेतले आणि ते तळ्यांत बुडवून ठेवले. पाण्याखाली लाकडाला कीड लागत नाही. पडलेल्या लाकडापैकी निम्म्याहून अधिक अशा रीतीने वाचले. न्यू हॅम्पशायरमधील कॉनकॉर्डजवळच्या टर्की पाँड या तळ्यातील ओंडके कापण्याची वेळ आली तेव्हा महायुद्ध चालू होते आणि पुरुष आघाडीवर गेले होते. १९४२ मध्ये तेथील लाकडाची गिरणी स्त्रियांनी चालविली. ओंडके मोजण्यापासून यंत्रावर फळ्या काढण्यापर्यंतची कामे त्यांनी केली. वनव्यवसायाच्या इतिहासात या स्त्रियांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

वादळ एका दिवसात ओसरले. व्यवसायाच्या आत धुमसणारा वाद मात्र अधिक काळ टिकला. १९४८ मध्ये राष्ट्रीय संस्थेने आचारसंहिता केली. तीत अशील, समाज आणि समव्यावसायिक यांच्याशी असलेली कर्तव्ये होती. जमिनीशी असलेल्या कर्तव्याला स्वतंत्र कलम नव्हते. त्याच वर्षी ऑल्डो लिओपोल्ड यांचे निधन झाले. तेही येलमध्ये शिकलेले वनविदच. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी या साऱ्यांचा मिळून एक समाज आहे आणि माणूस त्याचा मालक नसून घटक आहे, हा त्यांचा विचार. आपल्या श्रोत्यांना तो नवा वाटणार नाही. परंतु ज्याचे पोट लाकडाच्या विक्रीवर चालते, त्या व्यवसायाने तो स्वतःच्या संहितेत लिहून घेणे सोपे नव्हते. अशील तोड करा म्हणतो आणि जमीन नको म्हणते, तेव्हा सल्लागाराने कोणाचे ऐकावे? चव्वेचाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, सभासदांनी ते कलम मान्य केले. उशीर झाला खरा. पण वरून आदेश आला म्हणून नव्हे, तर आपसात भांडून, मतदान करून हे घडले, यास मोल आहे.

अलीकडच्या वर्षांत तेथे अॅश वृक्षाचा प्रश्न जिवावरचा झाला आहे. पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक आशियाई भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात आणि झाड वाळते. २०१२ मध्ये तो कनेक्टिकटमध्ये पोचला, २०१८ मध्ये व्हरमाँट आणि मेनमध्ये. आपल्या रानातील अॅश मरण्याआधी विकून मोकळे व्हावे, की काही झाडे राखून त्यांतील एखादे कीड पचवून जगते का, हे पाहावे? मालकाचा पैसा पहिल्या मार्गात आहे आणि वृक्षजातीचे भवितव्य कदाचित दुसऱ्यात. शिवाय मेनमधील वाबानाकी या मूळ रहिवासी समाजाच्या टोपल्या अॅशच्याच पट्ट्यांपासून विणल्या जातात. त्यांच्यासाठी हे झाड जाणे म्हणजे एक वारसाच जाणे होय. शतकापूर्वी आलेल्या बुरशीने चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली, तेव्हा घाबरून निरोगी चेस्टनटही पुष्कळ तोडले गेले. त्यांत एखादे बुरशीला पुरून उरणारे झाड असते काय, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

येथवर ऐकताना श्रोत्यांपैकी कोकणातील मंडळींना आपले गाव आठवले असेल. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प आहे. झाडोरा आहे तो बहुतांशी मालकीच्या जमिनीवर. सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला. ठेकेदार येतो, उभे रान उक्ते घेतो आणि ऐन, किंजळ, बेहडा सरसकट आडवे होतात. बुंध्यांना फुटवे येतात म्हणून रान दिसावयास हिरवे दिसते. पण ते फुटवे हाताच्या मनगटाएवढे होतात न होतात तोच पुन्हा कोयता लागतो. न्यू इंग्लंडच्या नातवंडांची आणि चिपळूण-संगमेश्वरच्या चाकरमान्यांची अडचण एकच आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, १९७५ चा खासगी वने संपादनाचा कायदा आहे. पहिला परवानगी मागावयास सांगतो, दुसऱ्याने जमीनच सरकारजमा केली. कोणते झाड राखावे हे मालकाला शिकविणारा त्यांत कोणी नाही. याचे बीज फार मागे पडले आहे. १८७८ चा वनकायदा होत असताना ज्या बेडन-पॉवेल यांनी सरकारच्या संपूर्ण मालकीचा आग्रह धरला त्यांचे म्हणणे चालले आणि गावाची म्हणून काही वने असावीत असे म्हणणारे ब्रँडिस मागे पडले. त्या कायद्याचा जाच महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला, १९३० मध्ये लोकनायक अणे यांनी पुसदला त्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्याच वर्षी चिरनेरला गोळ्या चालल्या. ज्या ब्रँडिस यांच्या शिष्याने अमेरिकेत स्वतंत्र व्यवसायाची संस्था उभी केली, त्यांच्याच हिंदुस्थानात वनविद्या खात्याच्या कपाटात राहिली, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

आज परिस्थिती पालटली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. त्यानंतर विदर्भातील अनेक ग्रामसभा शेकडो हेक्टर रानाच्या व्यवस्थापक झाल्या आहेत. बांबूचे कोणते कोंब राखावे, कोणते तोडावे, तेंदूसाठी रान न जाळता फुटवा कसा आणावा, हे प्रश्न त्यांच्यापुढे दर वर्षी येतात. गावातील जाणत्यांपाशी यांतील पुष्कळ उत्तरे आहेत, सारी नाहीत. दुसरीकडे दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतून वनशास्त्राचे पदवीधर दर वर्षी बाहेर पडतात आणि स्पर्धापरीक्षांच्या रांगेत उभे राहतात. खात्यातील जागा मोजक्या, म्हणून पुष्कळांना शेवटी भलतेच काम धरावे लागते. परवाना, शुल्काचे दर, आचारसंहिता आणि वर्षातून एकदा एकत्र बसण्याची जागा, एवढी व्यवस्था या तरुणांसाठी उभी करावयास कोणताही मोठा निधी लागणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतून आरंभ करता येईल. पावसाळ्यात रानातील तोड थांबलेली असते. सभेला तोच काळ सोयीचा.