नदी, गाणी आणि वर्गणी



‘अमेरिकेबद्दल काहीतरी बोल,’ असा संयोजकांचा आग्रह होता. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल बोलले तर जेवणाआधीच सगळ्यांना डुलकी लागेल. म्हणून मी राहते त्या अलाबामा राज्यातल्या एका नदीकाठाबद्दल सांगते.

आमच्या हंट्सविलपासून गाडीने साधारण दीड तासावर, टेनेसी नदीच्या काठी, मसल शोल्स, शेफील्ड, फ्लॉरेन्स आणि टस्कंबिया ही एकमेकांना लागून असलेली चार लहान गावं आहेत. विल्सन धरणाखालच्या पाण्यात मासे भरपूर, त्यामुळे गळ टाकून बसणं हा तिथला घरोघरचा छंद. आणि याच गावांत अमेरिकेच्या सोल आणि रॉक संगीताचा मोठा ठेवा तयार झाला.

पर्सी स्लेज तिथल्या रुग्णालयात मदतनीस होते. १९६६ साली शेफील्डमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं त्यांचं गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६७ मध्ये रिक हॉल यांच्या ‘फेम’ स्टुडिओत अरीथा फ्रँकलिन गायल्या. १९६९ मध्ये तिथल्याच चार वादकांनी शेफील्डला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथे आले. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या अलाबामात काळे गायक आणि गोरे वादक एका खोलीत बसून गाणी बांधत होते. गायक यायचे नि जायचे. वादक मात्र त्याच गावात राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर असायचे.

आता मासेमारीकडे येते. बास मासा पकडणाऱ्यांची मोठी संघटना रे स्कॉट यांनी १९६८ साली याच राज्यात, माँटगोमेरीला काढली. १९७२ पासून त्यांनी आग्रह धरला, की स्पर्धेतला मासा मारायचा नाही. होडीतल्या टाकीत जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि नदीत सोडायचा. गावोगावच्या क्लबांनी ती रीत उचलली. शिकाऱ्यांचंही तसंच. १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. १९५० पासून मासेमारीच्या साहित्यावरचा करही तसाच माशांसाठी जातो. मला स्वतःला शिकार आवडत नाही. पण ज्याला जंगलातून काही हवं, त्याने जंगलासाठी दरवर्षी काही द्यावं, हा हिशेब मला पटतो.

तो शेफील्डचा स्टुडिओ पुढे दुसरीकडे हलला. जुनी इमारत एका स्थानिक प्रतिष्ठानाने २०१३ मध्ये घेतली, दुरुस्त केली आणि २०१७ मध्ये पुन्हा उघडली. आज तिकीट काढून ती बघता येते. मोठमोठ्या कलावंतांची नावं भिंतीवर होतीच. पण नुसत्या नावांनी छप्पर गळायचं थांबत नाही.

हे सगळं आज इथे सांगण्याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या मराठी शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. आपल्या वेळी एकेका वर्गाच्या तीन तुकड्या होत्या, आता एक आहे. संगीताच्या खोलीतली पेटी आणि तबला कपाटात बंद आहेत, कारण शिकवायला कोणी नाही. आपण मेळाव्याला जमतो, फोटो काढतो, एखादा पंखा भेट देतो, त्यावर बॅचचं नाव रंगवतो. त्यात वाईट काही नाही. पण एकदाच दिलेली देणगी आणि दरवर्षी न चुकता दिलेली वर्गणी यांत फरक आहे.

माझी सूचना साधी आहे. आपल्या बॅचमधल्या प्रत्येकाने, झेपेल तेवढी का होईना, ठरलेली वार्षिक वर्गणी द्यावी. त्यातून आठवड्यातून दोन दिवस तरी संगीत शिक्षक नेमावा. जे गावात आहेत त्यांनी पाळी लावून महिन्यातला एक शनिवार शाळेला द्यावा. आम्ही परदेशातले शनिवारी येऊ शकत नाही, म्हणून आमची वर्गणी दुप्पट असावी. माझं नाव यादीत पहिलं लिहा. वही त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाताना तिथूनच जायचं आहे.