अर्ध्या मानवजातीचा इतिहास

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशीच समजूत आमच्या शाळांतून दृढ होत आली. मग त्याच काळीं जगणाऱ्या अर्ध्या मानवजातीनें काय केलें? हा प्रश्न ज्यांनीं चिकाटीनें विचारला, त्यांत गेर्डा लर्नर या विदुषीचें स्थान फार वरचें आहे.

त्यांचा जन्म १९२० सालीं व्हिएन्ना येथें झाला. १९३८ सालीं नाझींनीं त्यांना सहा आठवडे तुरुंगांत डांबलें. पुढील वर्षीं त्या अमेरिकेस गेल्या. मोलमजुरी व संसार करून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्यें, पदवी हातीं येण्यापूर्वींच, १९६३ सालीं त्यांनीं स्त्रियांच्या इतिहासाचा वर्ग चालविला. १९६६ सालीं कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता, गुलामगिरीविरुद्ध जाहीर व्याख्यानें देणाऱ्या ग्रिम्के भगिनी.

स्त्रियांविषयीं लिहावें, तर साधनें कोठें आहेत, असा आक्षेप येई. लर्नरबाईंनीं त्यास वादानें नव्हे, कागदांनीं उत्तर दिलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांचीं पत्रें, आठवणी व लेख जमवून १९७२ सालीं त्यांनीं एक भरभक्कम ग्रंथ सिद्ध केला. त्याच वर्षीं सारा लॉरेन्स कॉलेजांत या विषयाचा एम्. ए. चा अभ्यासक्रम त्यांनीं उभा केला. २०१३ सालीं त्या निवर्तल्या.

साधनें होतीं, विचारणारा नव्हता. आपल्याही माळ्यावर आजीचीं पत्रें, हिशेबाच्या वह्या पडून असतील. रद्दींत घालण्यापूर्वीं त्या एकदां वाचाव्यात, एवढीच विनंती.