कुणाची हरकत?

(इंदापूर येथे भरलेल्या वकिलांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



तालुक्याच्या कोर्टात हयात गेलेल्या माणसाने मानवी हक्क आयोगावरच्या नेमणुकांएवढा मोठा विषय का निवडला, असं कुणी विचारेल. तो मी निवडला नाही, एका पक्षकार मावशींनी दिला.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात त्या माझ्याकडे आल्या. मुलाला कोठडीत मारहाण झाली, असं त्यांचं म्हणणं. राज्य मानवी हक्क आयोगाच्या नावे मी अर्ज लिहून दिला. घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार जावी लागते, म्हणून त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवला. पावतीची चौघडी करून ती कमरेच्या पिशवीत खोचताना त्यांनी विचारलं, "वकीलसायेब, त्या सायबांना नेमलं कुणी?"

"सरकारनं."

"आन् पोलिसाला?"

मी गप्प बसलो.

कायद्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३. कलम २२ प्रमाणे आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतात, तेही एका समितीच्या शिफारशीवरून. मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते असे चौघे; आपल्याकडे विधान परिषद असल्याने तिचे सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेते धरून सहा. पोलीस ज्यांच्या खात्यात, ते गृहमंत्रीही निवडायला बसतात. मावशींचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवत होता. त्यावर कायद्याने तोड काढली ती विरोधी पक्षनेत्यांच्या दोन खुर्च्यांची.

आता त्या खुर्च्यांकडे पाहू. २०२४ च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला विधानसभेच्या २८८ जागांपैकी दहा टक्के, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत, आणि विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपली, तेव्हा विधान परिषदेतलंही रिकामं झालं. गृहखातं मुख्यमंत्र्यांकडेच. सहाजणांच्या समितीत उरली माणसं तीन, आणि तिघेही सत्तारूढ बाजूकडून आलेले. बेकायदा यात काही नाही. समितीत जागा रिकामी होती एवढ्या कारणाने नेमणूक रद्द ठरत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे.

विरोधी पक्षनेता असला तरी बहुमतापुढे त्याचं काय चालतं, असं कुणी म्हणेल. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षांची निवड झाली. समितीतले विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे आणि राहुल गांधी यांची हरकत टिकली नाही, पण त्यांनी भिन्नमत लेखी नोंदवलं. म्हणून कुणाकुणाच्या नावांचा विचार व्हायला हवा होता, हे देशाला वाचायला मिळालं. रिकामी खुर्ची भिन्नमत लिहीत नाही.

मित्रांनो, आपण सहकाराच्या मुलखातले. गावच्या विकास सोसायटीच्या संचालकपदाचा अर्ज घ्या. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. यादी फळ्यावर लागते, छाननीचा दिवस ठरतो, अधिकारी एकेक नाव पुकारतात आणि विचारतात, "कुणाची हरकत?" थकबाकीदाराचा अर्ज तिथेच बाद होतो. इकडे आयोगाचा सदस्य आपल्याला कळतो तो नेमणूक झाल्यावर, वर्तमानपत्रातून. अध्यक्ष आणि एक सदस्य न्यायाधीशांमधून यावेत, हे ठरलेलं आहे. उरलेल्या एका जागेला 'मानवी हक्कांचं ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव' एवढंच माप. निवृत्त अधिकारी त्यात बसतो आणि ऊसतोड बायकांमध्ये आयुष्य घातलेली कार्यकर्तीही बसते. कुणाला का घेतलं, हे सांगायचं बंधन नाही. पूर्वी अशा दोन जागा होत्या, २००६ च्या दुरुस्तीने एक राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय आयोगावर किमान एक महिला सदस्य बंधनकारक झाली. राज्यांसाठी तशी अट नाही.

शिवाय राज्यपालांनी नेमलेल्या सदस्याला गैरवर्तनासाठी काढायचं, तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी आणि राष्ट्रपतींचा आदेश लागतो. हे संरक्षण हवंच. पण बाहेर काढायचं दार इतकं भक्कम असेल, तर आत घ्यायच्या दारावर डोळ्यांत तेल घालून बसायला हवं.

उपायासाठी लांब जायला नको. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये एक छोटं स्पष्टीकरण आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता समितीत धरावा. माहिती आयुक्तासाठी जी काळजी घेतली, ती मानवी हक्क आयोगासाठी का नको? या परिषदेने तीन मागण्यांचा ठराव करावा. हे स्पष्टीकरण १९९३ च्या कायद्यात यावं. तोवर सरकारने त्या नेत्याला निमंत्रित म्हणून बैठकीस बोलवावं. आणि पद रिकामं होण्याआधी जाहिरात देऊन, विचाराधीन नावं प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. पहिली सोडली, तर बाकी दोन्हींना कायदा बदलावा लागत नाही.

ठराव आता वाचला जाईल. सूचक मी आहे, अनुमोदक तुमच्यातून हवा. आणि मतदानाआधी मी रीतीप्रमाणे विचारीन, कुणाची हरकत? असेल तर उभं राहून सांगा. ती इतिवृत्तात नोंदवली जाईल.