कुडाळची खानावळ ते ‘रंगायन’चा रंगमंच


आरती प्रभूंची गाणी तुम्ही रेडिओवर ऐकलीच असतील.
आज बोलूया नाटककार चिं. त्र्यं. खानोलकरांविषयी.
माणूस तोच, बरं का!

जन्म १९३० सालचा.
वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांच्या राईतला.
तेव्हा तो मुलूख आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता.
कुडाळला त्यांची खानावळ होती.
खानावळ चालवायची आणि कविता लिहायच्या.
पुढे काही काळ ते मुंबई आकाशवाणीवर होते.
म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांच्याच घरातले!

१९६६ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं त्यांचं ‘एक शून्य बाजीराव’ रंगमंचावर आणलं.
दिग्दर्शन विजया मेहतांचं.
सरळ गोष्ट सांगणारं हे नाटक नव्हे.
नायक विदूषकासारखा.
भाषा कवितेची.
आणि घाट कीर्तन-भारुडाच्या जवळचा.
पहिल्या वाचनात ते हाती लागत नाही, हेही खरं.
नाटक प्रयोगशील, पण मुळं इथल्या मातीत.

ब्रेख्त या जर्मन नाटककारानं अमेरिकेत परागंदा असताना एक नाटक लिहिलं.
खानोलकरांनी ते मराठीत आणलं : ‘अजब न्याय वर्तुळाचा’.
खडूनं आखलेलं वर्तुळ. आत मूल.
दोन बायका. दोघी म्हणतात, मूल माझं.
न्यायाधीश सांगतो, ओढा!
मुलाला इजा होईल, म्हणून एक जण हात सोडते.
मूल तिलाच मिळतं.
इथंही ‘बाजीराव’सारखंच.
प्रयोग नवा, बोली आपली.

१९७६ साली खानोलकर गेले.
वय अवघं सेहेचाळीस.
‘एक शून्य बाजीराव’ वाचनालयात मागून पाहा.
आणि वाचाल, तेव्हा मोठ्यानं वाचा!