मापाला लागलेलं तेल

(वडाळा इथल्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "प्रामाणिकपणावर खुशाल बोल, पण यहुद्यांच्या ग्रंथांतून कशाला? आपल्याकडे काय कमी आहे?" मी म्हटलं, मेळाव्याला ये, तिथंच सांगतो. तो समोर बसला आहे, त्यामुळे आता सुटका नाही.

सुरुवात घरापासून करतो. अँटॉप हिलला अब्बांचं किराणा मालाचं लहानसं दुकान होतं. १९८०च्या आसपासची गोष्ट. तेल तेव्हा बहुतेक सुटंच विकलं जायचं. लोक बाटली घेऊन येत. माप डब्यात बुडवायचं आणि नरसाळ्यातून बाटलीत ओतायचं. अब्बा माप पालथं धरून थांबायचे. धार संपून थेंब पडायला लागले तरी थांबायचे. मागची माणसं वैतागायची.

मी दुकानात बसलो की एवढं थांबत नसे. माप रिकामं दिसलं की खाली पातेल्यात उपडं ठेवून द्यायचो. महिनाभरात पातेल्यात लिटरभर तेल जमलं. मोठ्या खुशीत अब्बांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "आपलंच." ते म्हणाले, "पैसे तर लोकांनी दिलेत." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यातलं पळीभर तेल जादा द्यायला लावलं. मी विचारलं, "पण जे पुन्हा येणारच नाहीत, त्यांच्या तेलाचं काय?" अब्बा गप्प बसले. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, आणि ते यहुदी शिकवणीत मिळालं.

आमचं मूळ गाव मुरूड तालुक्यात. दादी जुन्या गोष्टी सांगताना 'शनवार तेली' असं म्हणायची. हे शनवार तेली म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं ते परंपरेनं सांगतात. गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यावरून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहीमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांवरून आलेली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हते. तरी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना त्यांनी जपली.

धंदा तेलाचा होता म्हणून मी एकदा कुतूहलानं पाहिलं, की यहुदी कायदा तेलाच्या मापाबद्दल काय म्हणतो. 'मिश्ना' नावाची त्यांची संहिता आहे, इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेली. तिच्यात थेट माझाच मामला निघाला! तेल किंवा द्राक्षारस विकणाऱ्यानं माप ओतून झाल्यावर आणखी तीन थेंब गळू द्यावेत, असा नियम आहे. किरकोळ दुकानदाराला त्यातून सूट आहे. त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग असते, हे त्या पंडितांनाही ठाऊक होतं. म्हणजे कायद्यानं मी सुटलो होतो. पण पुढं वाचलं. ठोक विक्रेत्यानं आपली मापं महिन्यातून एकदा पुसून स्वच्छ करावीत. किरकोळ दुकानदारानं आठवड्यातून दोनदा. वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत. आणि तराजू प्रत्येक वेळी तोलून झाल्यावर पुसावा. कारण मापाच्या आत चिकट थर साचला की माप लहान होतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मला यातलं शहाणपण फार आवडलं. "प्रामाणिक राहा" असं नुसतं सांगून हा कायदा थांबत नाही. फडका हातात देतो आणि वार ठरवून देतो. आपण मनानं चांगले आहोत, एवढ्यावर तो विसंबत नाही. चांगल्या माणसाच्या मापातही थर साचतो, हे तो गृहीत धरतो.

ताल्मूदमध्ये आणखी बारकावे आहेत. वजनं मिठात पुरून ठेवू नयेत, कारण त्यानं वजनात फेर पडतो. पातळ पदार्थ ओतताना मुद्दाम फेस काढू नये, कारण फेसानं माप भरल्यासारखं दिसतं. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या वडाळेकरांना मिठाची युक्ती वेगळी समजवायला नको! योहानान बेन झक्काई नावाच्या गुरूंना तर पेच पडला होता. या लबाड्या उघड सांगाव्यात तर लबाड माणसं त्या शिकतील. न सांगाव्यात तर ती म्हणतील, पंडितांना आमचे धंदे कळतच नाहीत.

माणूस मेल्यावर ईश्वराच्या दरबारात उभा राहतो, तेव्हा त्याला कोणते प्रश्न विचारले जातात, याची एक यादी ताल्मूदमध्ये आहे. पहिला प्रश्न नमाजाचा किंवा उपवासाचा नाही. देण्याघेण्यात सचोटीनं वागलास का, हा आहे.

आता आपल्याकडे पाहा. कुरआनातल्या ८३व्या सूरेचं नावच 'मुतफ्फिफीन', म्हणजे मापात कमी देणारे. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि फसवणारा आपल्यातला नाही असं त्यांनी बजावलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, हेही ऐकतो. तौरातही सांगते की रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्या. मग घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार "सुट्टे नाहीत, उद्या देते" म्हणून आपण चार-चार दिवस का अडकवतो? हल्ली तर सुट्ट्यांची सबबही उरलेली नाही, फोनवरून पैसे पाठवता येतात.

यहुदी शिकवणीत चोरीचा एक वेगळाच प्रकार मानला आहे. त्याला ते 'मनाची चोरी' म्हणतात. म्हणजे समोरच्याच्या मनात खोटी समजूत निर्माण करणं. समजा, पाहुणा जेवणार नाही हे पक्कं माहीत आहे, तरी केवळ तो खूश व्हावा म्हणून आग्रह करत राहणं. त्यात एक पैशाचीही फसवणूक नाही, तरी ते मना केलं आहे. शमुएल नावाच्या पंडितांनी तर सांगितलं, की कोणत्याही धर्माच्या माणसाला असं फसवू नये. वस्तू घ्यायचीच नसेल तर दुकानदाराला उगाच भाव विचारू नये, असंही मिश्ना सांगते, कारण त्याच्या मनात आशा जागी होते. (दादरच्या बाजारात फिरणाऱ्या भगिनींनी आणि भावांनीही यावर विचार करावा.) आणि खरंखोटं न पाहता एखादा व्हिडिओ आपण पन्नास जणांना पाठवतो, तेव्हा काय करतो? पन्नास मनांची चोरी.

राव साफ्रा नावाच्या पंडितांची गोष्ट सांगतात. ते 'शेमा' म्हणत होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्यानं मालाला भाव सांगितला. प्रार्थना चालू, म्हणून ते बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव कमी पडतोय, त्यानं वाढवला. प्रार्थना संपल्यावर राव साफ्रा म्हणाले की पहिल्याच भावात घेऊन जा, कारण मी मनातून तेव्हाच कबूल झालो होतो. तोंडातून शब्द गेला नव्हता. साक्षीदार नव्हता.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो.

तौरातमध्ये एक आज्ञा आहे: थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. नुसतं ठेवणंही नको. आता मी तुम्हाला विचारतो, आपल्या थैलीत किती वजनं आहेत?

कुठे स्फोट झाला, कुठे एखाद्या मुसलमानानं गुन्हा केला, की शेजारी, कचेरीतले सहकारी आपल्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. घर भाड्यानं मिळताना अडचण येते. तेव्हा आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो, की एकाच्या पापाचा हिशोब सगळ्या समाजाकडून मागू नका. गाझातल्या मुलांसाठी आपलं काळीज तुटतं. तुटायलाच हवं. तिथल्या अन्यायाचा जाब इस्रायलच्या सरकारला विचारायलाच हवा. पण त्याच रागात आपल्यातलीच माणसं "यहुदी असेच" म्हणतात, तेव्हा हातात कोणतं वजन असतं? आपल्यासाठी एक आणि त्यांच्यासाठी दुसरं. हे मी दूरच्या लोकांबद्दल बोलत नाही. माझ्या तोंडूनही हे वाक्य गेलं आहे.

आणि हे यहुदी कोण? मांडवीतलं १७९६चं 'शार हारहमीम' हे मुंबईतलं सर्वांत जुनं यहुदी प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत पडले. आपण बेने इस्रायल आहोत असं त्यांनी सांगितलं. टिपूच्या आईनं ते नाव कुरआनात वाचलेलं होतं, तिनं रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा त्या समाजात सांगितली जाते. सुटका झाली तर प्रार्थनास्थळ बांधीन, असं दिवेकरांनी ठरवलं होतं; ते त्यांनी बांधलं. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हेही बेने इस्रायली. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या ससून शाळांत आज बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. १९४८नंतर बरेच बेने इस्रायली इस्रायलला गेले, इथं थोडे उरले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. जे थोडे आहेत, त्यांच्यासाठी आपलं माप खरं असायला हवं.

त्यांच्या परंपरेतलीच एक गोष्ट पाहा. शिमोन बेन शेताह हे मोठे गुरू, पण गरीब. शिष्यांनी त्यांच्यासाठी एका अरबाकडून गाढव विकत घेतलं. गाढवाच्या गळ्यात एक रत्न सापडलं. शिष्य आनंदले, आता गुरूंचे कष्ट संपले. गुरू म्हणाले, मी गाढव विकत घेतलं, रत्न नाही. त्यांनी ते परत केलं. तेव्हा त्या अरबानं शिमोनच्या ईश्वराची स्तुती केली. एका यहुद्याच्या व्यवहारावरून एका अरबानं त्याचा धर्म ओळखला. मित्रा, मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच देतो. आपल्याकडे काही कमी नाही. कमी पडतं ते दुसऱ्याच्या चांगल्याला चांगलं म्हणण्याचं धाडस, आणि तोही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

शेवटी त्या पातेल्यातल्या तेलाचं. ताल्मूदमध्ये जेरुसलेममधल्या काही दुकानदारांची हकिगत आहे. एकानं मापांतल्या फेसाची भरपाई म्हणून द्राक्षारस जमवला, तीनशे बुधले. त्याच्या सोबत्यांनी मापांना लागून राहिलेलं तेल जमवलं, तेही तीनशे बुधले. ते घेऊन सगळे मंदिराच्या खजिनदारांकडे गेले. खजिनदार म्हणाले, कायद्यानं तुमच्यावर हे बंधन नाही. दुकानदार म्हणाले, पण आम्हाला हे नको. मग त्यांना सांगण्यात आलं, की एवढं काटेकोर वागायचंच आहे तर याचा उपयोग सगळ्यांच्या गरजेसाठी करा. ज्यांचं घेतलं ते सापडत नसतील तर त्या पैशातून विहिरी खोदाव्यात, असंही त्यांच्याकडे सांगितलं आहे. त्या विहिरीवर कधीतरी तोही माणूस पाणी पिईल, ज्याचे थेंब तुमच्याकडे राहिले होते.

हे वाचलं तेव्हा अब्बा नव्हते. असते तर धावत जाऊन सांगितलं असतं, की तुमच्या गप्प बसण्याला उत्तर सापडलं.

आज घरी गेल्यावर प्रत्येकानं आपलं एक माप शोधावं. कुणाचं दुकान असेल, कुणाची रिक्षा, कुणाची शिकवणी, कुणाची कचेरीतली खुर्ची. ते आतून पुसावं. आठवड्यातून दोनदा, एवढंच.