प्रार्थना, तरुण आणि राष्ट्राची नवी उभारणी



ख्रिस्ती तरुणांची प्रार्थना आणि राष्ट्राचे पुनरुज्जीवन हा आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात दोन शंका आल्या असतील. पहिली अशी की, प्रार्थना ही ज्याची त्याची खाजगी बाब. तिचा राष्ट्राशी संबंध काय? दुसरी अशी की, एका लहानशा समाजातील तरुणांचा विचार साऱ्या नगराने काय म्हणून करावा? दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्यांना बगल देऊन पुढे जाण्याची आमची इच्छा नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर व्याख्यानमालेच्या जन्मातच आहे. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारे न्यायमूर्ती रानडे हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक आधारस्तंभ होते. देशाच्या दारिद्र्याची मीमांसा करणारा हा पुरुष उपासनेलाही बसत असे, आणि या दोन गोष्टींत त्याला विरोध दिसला नाही. माणूस आतून बदलल्यावाचून समाज बाहेरून बदलत नाही, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

दुसऱ्या शंकेसाठी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळू. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणून त्यांचा देश बदलला काय? मुळीच नाही. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग आणले, भजन आणले, टाळ आणला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. पुढे दोनच वर्षांनी ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पण ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे नव्हे, हा त्यांचा धडा टिकला.

आता प्रार्थनेच्या फळाविषयी. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली व विधवा बाईंनी तेथे आणल्या. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी मुलींना रोज प्रार्थनेस जमण्याचे आवाहन केले, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. पुढे ही संख्या कित्येक पटींनी वाढली. रडणे, कबुली देणे, तासन् तास प्रार्थना करणे, असा तो प्रकार होता. त्या काळी कित्येकांनी त्याला अतिरेक म्हटले. आम्हांस मात्र त्या प्रार्थनेच्या शेजारी काय चालले होते ते महत्त्वाचे वाटते. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्याच मुलींच्या हातांनी बाईंच्या मराठी बायबलचे खिळे जुळवले. गुडघे टेकणारी मुलगी उठून उभी राहिली ती कामाला लागली. प्रार्थनेची परीक्षा हीच होय.

ही परीक्षा आपल्या भागाला लावून पाहू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. मागोमाग चिंचवड-आकुर्डीकडे मोटारींचे आणि स्कूटरांचे कारखाने उभे राहिले. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. पुढे चाकणचे माळ यंत्रांनी भरले. या कामांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, केरळातून, तामिळनाडूतून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती, आणि म्हणून या पट्ट्यात रविवारची उपासना मराठीबरोबर मल्याळममध्येही होते, तमिळमध्येही होते.

या उपासनेला येणारा तरुण रात्रपाळी करून आलेला असतो. तो पुष्कळदा कंत्राटावर असतो. पुढील वर्षी काम राहील की नाही हे त्याला ठाऊक नसते. त्याने ‘आम्हांस नोकरी दे’ एवढेच मागितले तर त्यात गैर काय? काहीच नाही. भाकरीची प्रार्थना प्रभूनेच शिकवली आहे. पण तीत शब्द ‘आमची भाकर’ असा आहे, ‘माझी’ असा नाही. शेजारच्या यंत्रावरील बिहारी मुलगा, समोरच्या खोलीतील मुसलमान फिटर, कचरा वेचणारी बाई, हे सारे त्या ‘आमच्या’त येतात. इतकेच नव्हे, तर ज्या मंडळीत जुनी जात अजून पंगतीत आणि सोयरिकीत डोकावते, तिने राष्ट्राच्या ऐक्यासाठी प्रार्थना करण्याआधी आपले घर झाडावे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

आणि एक उदाहरण घेऊ. चाकण आणि चिंचवड यांच्यामध्ये देहू-आळंदीची इंद्रायणी वाहते. ज्या नदीत तुकोबांचे अभंग बुडवले गेले आणि तरले, असे महाराष्ट्र मानतो, त्या नदीवर अलीकडे आळंदीस वारंवार पांढरा फेस दिसतो. कारखान्यांचे आणि घराघरांचे सांडपाणी हे त्याचे कारण. टिळक ज्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, त्या पुलाखालचे पाणी असे झाले आहे! वसईस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली, तेव्हा पाणी आणि झाड हाही धर्माचाच विषय आहे हे त्यांनी दाखवले. पुढे याच धर्मगुरूला महाराष्ट्राने २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. मग इंद्रायणीच्या काठी वारकरी तरुण आणि ख्रिस्ती तरुण एकत्र का उभे राहू नयेत? एकाने हरिपाठ म्हणावा, दुसऱ्याने प्रभूची प्रार्थना म्हणावी. आणि मग दोघांनी मिळून कोणत्या नाल्यातून काय वाहते याचा जाब विचारावा.

राष्ट्राचे पुनरुज्जीवन एका सभेने किंवा एका रात्रीच्या जागरणाने होत नाही. ते पाळीवर वेळेवर येणाऱ्या, खोट्या नोंदीवर सही न करणाऱ्या, लाच न देणाऱ्या, शेजाऱ्याच्या दुःखात धावून जाणाऱ्या माणसांनी होते. अशी माणसे घडवण्याचे बळ ज्या प्रार्थनेत आहे, ती कोणत्याही मंदिरात, मशिदीत वा देवळात होवो, ती या देशाची ठेव आहे. ख्रिस्ती तरुणांना आमचे सांगणे एवढेच की, आपली प्रार्थना दार लावून करा, कारण प्रभूची तशी आज्ञा आहे. पण ती संपल्यावर दार उघडायला विसरू नका. आणि नगरवासीयांना विनंती अशी की, ते दार उघडेल तेव्हा बाहेर येणाऱ्या तरुणाला परका समजू नका. तो आपल्याच कामाला निघालेला असेल.